मागच्या जिन्याचं कुलूप

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त रविवार, २० एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी आपल्या इमारतीच्या गच्चीवर झालेल्या रहिवासी मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहिले आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



सचिव मॅडम परवा घरी आल्या आणि म्हणाल्या, "काका, रविवारी पंधरा मिनिटं बोला. विषय अग्निसुरक्षा." मी म्हटलं, "मी बँकवाला माणूस, आगीतलं मला काय कळतं?" तर म्हणाल्या, "कुलपातलं तर कळतं ना?" यावर मला काही बोलता आलं नाही. का, ते इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. जे मागच्या वर्षभरात राहायला आले त्यांना ठाऊक नाही. त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगतो.

त्याआधी या सप्ताहाविषयी दोन शब्द. १४ एप्रिल म्हटलं की आपल्या नागपुरात दीक्षाभूमी आणि संविधान चौक डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजाला आग लागली होती. जहाजात कापसाच्या गाठीही होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण स्फोटात गेले. त्यांची आठवण म्हणून देशभर १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. आग विझवायला येणारा माणूस हा असा जीव हातावर घेऊन येतो. आपण निदान त्याचं काम अवघड करून ठेवू नये, एवढंच मला त्यावरून म्हणायचं आहे.

आता कुलपाची गोष्ट.

आपल्या इमारतीला दोन जिने आहेत. एक पुढचा, लिफ्टच्या बाजूचा, जो आपण वापरतो. दुसरा मागचा, जो आपण वापरत नाही. मुलांना तर तो अडगळीची खोलीच वाटत असेल. २००८ साली गच्चीवरच्या टाक्यांच्या पितळी तोट्या चोरीला गेल्या. एकदा नव्हे, दोनदा. चोर मागच्या जिन्याने येतो हे उघड होतं. त्या वेळी मी सचिव होतो. माझी सगळी नोकरी कुलपांत गेलेली. स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे, दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, संध्याकाळी चॅनल गेटला साखळी, असं सगळं. मी ठरावाचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहिला. मिनिट बुकात आजही आहे, परवा काढून पाहिला. "मागील जिन्याचे तळमजल्यावरील दार कायम कुलूपबंद ठेवावे व किल्ली सचिवांकडे राहावी." सूचक मी. सर्वानुमते मंजूर. पुढे सचिव बदलले, पण किल्ली काही बदलली नाही. ती माझ्या घरी देवघराच्या खालच्या कप्प्यात राहिली. तोट्या पुन्हा गेल्या नाहीत आणि सोळा वर्षं कोणी त्या दाराकडे पाहिलं नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी मुलीकडे पुण्याला होतो. रात्री दोनला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. आपला चौकीदार. पाठीमागे आरडाओरडा ऐकू येत होता. "साहेब, मागच्या दाराची किल्ली कुठं आहे?"

झालं होतं ते असं. पारा त्या आठवड्यात पंचेचाळीसच्या आसपास. घरोघरी एसी आणि कूलर रात्रभर चालू. पुढच्या जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत एक जुनी वायर तापून पेटली, तिच्यावरचं प्लास्टिक जळायला लागलं. आग म्हणाल तर एवढीशी. पण धूर काळा, दाट, आणि तो निघाला थेट जिन्यातून वर. लाइट गेली. पाचव्या मजल्यावरच्या घरात एक्याऐंशी वर्षांच्या आजी, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं. मुलाने दार उघडलं, तर समोर धूर. तो शहाणा, त्याने पुढचा जिना धरला नाही. मोबाइलच्या उजेडात सगळ्यांना घेऊन मागच्या जिन्याने निघाला. आजींचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. वाटेतल्या अडगळीतून वाट काढत, एकेक पायरी करत ते खाली पोहोचले. आणि दाराला आतून-बाहेरून काहीही केलं तरी हलणार नाही असं माझं सात लिव्हरचं कुलूप.

मी फोनवर सांगतो आहे, देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात येतं आहे की घराला कुलूप आहे आणि त्याची किल्ली माझ्याच पिशवीत, पुण्यात.

चौकीदाराने शेवटी बाहेरून सब्बल घालून कडी उखडली. तोपर्यंत अकरा मिनिटं गेली होती. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलाने मेन स्विच पाडून बादलीतली कोरडी वाळू टाकली म्हणून आग तिथेच राहिली. भिंतीवरचा सिलिंडर त्याने आधी काढून पाहिला होता. त्यावर शेवटची तपासणी २०१६ ची. दाबला तर फुस्स. अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा विझलेलंच होतं. कोणाला काही झालं नाही. लहान नातवाला दोन दिवस खोकला होता, एवढंच.

मी परत आल्यावर आजींना भेटायला गेलो. काय बोलावं कळेना. त्याच म्हणाल्या, "भाऊ, त्या रात्री चोर आला असता तर बरं झालं असतं. त्याने तरी कुलूप तोडलं असतं."

हसू नका. म्हणजे हसा, त्याही हसल्या होत्या. मला मात्र ते वाक्य अजून जात नाही.

त्यानंतर मी थोडं वाचन केलं, महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागात दोन-तीनदा जाऊन बसलो. जे कळलं त्यातली पहिली गोष्ट अशी की माणूस बहुतेक वेळा जळून मरत नाही, धुराने मरतो. आपल्यापासून तासा-दीड तासावर भंडारा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्या दहांपैकी तीन भाजून गेली आणि सात धुराने गुदमरून, असं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. त्या बातमीने सगळा विदर्भ हळहळला. आपल्या इमारतीतही त्या संध्याकाळी कोणी टीव्ही मोठ्याने लावला नव्हता, मला आठवतं. पण त्या दहांतली सात ही संख्या आपल्यापैकी कोणी लक्षात ठेवली? मीही नव्हती ठेवली.

धुराचं गणित समजून घ्या. गरम धूर वर जातो, आणि धावणाऱ्या माणसापेक्षा लवकर जातो. जिना म्हणजे त्याच्या दृष्टीने चुलीचं धुराडं. वर गच्चीचं दार बंद असलं की तो तिथे अडतो, साठतो आणि वरून खाली भरत येतो. म्हणजे आग तळमजल्यावर लागली तरी गुदमरायला आधी लागतं ते पाचव्या-सहाव्या मजल्याला. खालच्यांना वाटतं, वरचे सुखरूप आहेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू तर असा आहे की त्याला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही, उलट आणखी गाढ झोपतो. आजकाल घरात फोम, प्लास्टिक, रेक्झिन इतकं आहे की दोन-चार मिनिटांत खोलीत हात दिसेनासा होतो.

खालच्या पार्किंगची आग वर काय करते, त्याचं उदाहरण मुंबईतलं आहे. ६ ऑक्टोबर २०२३, पहाटे तीनचा सुमार, गोरेगावची ‘जय भवानी’ इमारत. बहुमजली, म्हणजे आपल्यासारखीच. खाली पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांचे गठ्ठे ठेवलेले होते आणि गाड्या उभ्या होत्या. खालून पेटलं आणि धूर वर चढला. त्या पहाटे किमान सात जण गेले. सगळी माणसं आपापल्या घरात, आपापल्या अंथरुणात झोपलेली होती. आता आपल्या स्टिल्टमध्ये काय काय आहे ते खाली गेल्यावर एकदा डोळे उघडून बघा. मी नावं घेत नाही.

पण मागच्या जिन्याची नावं घेणार आहे, कारण त्यात माझंही आहे. बँकेत इन्स्पेक्शनला जायचो तसा मी गेल्या रविवारी वही-पेन घेऊन सहाव्यापासून खालपर्यंत उतरलो. यादी वाचतो. सहावा मजला: कूलर एक, खसच्या वाळलेल्या ताट्या आठ, लोखंडी खाट एक. पाचवा: चपलांचे स्टँड दोन, मुलांची सायकल एक, तिला चाक एकच. चौथा: रद्दी, अंदाजे तीन वर्षांची, आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल. तिसरा: कूलर दोन, पेंटचे डबे पाच, त्यातले दोन अर्धवट भरलेले, आणि टर्पेंटाइनची बाटली. दुसरा: तुळशीच्या कुंड्या तीन आणि एक गोदरेजचं कपाट, त्यात निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या १९७९ पासूनच्या डायऱ्या आणि सर्क्युलर्स. पहिला मजला: काहीही नाही. पहिल्या मजल्याचं अभिनंदन. अर्थात तिथे भाडेकरू राहतात, त्यांच्याकडे साठवायला अजून काही जमलेलं नाही.

यातल्या खसच्या ताट्यांचं विशेष सांगतो, कारण हे आपल्या नागपूरचं खास. उन्हाळ्यात त्या ओल्या असतात तोवर जिवाला गारवा. जूनमध्ये कूलर उतरवला की त्या वाळून जिन्यात आठ-नऊ महिने उभ्या. वाळलेलं गवत आणि लाकडाचा भुसा, यापेक्षा चांगलं जळण शेगडीलासुद्धा मिळणार नाही. आणि आपण ते ठेवतो कुठे, तर जिथून आपल्याला पळायचं आहे तिथे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत भाग ४ सगळा याच विषयाचा आहे. जिन्यात गॅसची नळी नको, विजेचा डक्ट नको, गुदामाचं दार जिन्यात उघडायला नको, इतक्या बारकाईने ते लिहिलं आहे. आपण गुदामाचं दार उघडलं नाही, जिन्यालाच गुदाम केलं.

"आमच्या दारासमोरची जागा आमची," असं एक वाक्य दर सर्वसाधारण सभेत ऐकू येतं. नाही हो. ती चोवीस घरांची आहे, आणि रात्री दोन वाजता तर ती वरच्या मजल्यावरच्यांची जास्त आहे. माझं कपाट मंगळवारी रद्दीवाल्याने नेलं. सर्क्युलर्सचे किलोला किती मिळाले ते सांगत नाही, सौ. ला अजून सांगितलेलं नाही.

आता कुलूप काढलं तर चोरांचं काय, हा प्रश्न राहतो आणि तो रास्त आहे. मी स्वतः त्याच प्रश्नापायी कुलूप लावलं होतं. या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी माणसांनी फार मोठी किंमत दिलेली आहे. न्यूयॉर्क शहरात ट्रँगल नावाचा शिवणकामाचा कारखाना होता, दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर. पाचेकशे कामगार, बहुतेक परदेशातून आलेल्या तरुण मुली. त्या कापड चोरून नेतील म्हणून एका जिन्याचं दार कुलूपबंद ठेवलेलं असे, बाहेर पडताना दुसऱ्या दाराशी पिशव्या तपासायचे. २५ मार्च १९११ ला, शनिवारी सुटायच्या वेळी, आग लागली. बंद दाराशी मुलींचा ढीग झाला. कित्येकींनी नवव्या मजल्यावरून उड्या मारल्या. १४६ जण गेले. रस्त्यावर उभी राहून ते पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक बाई होती, ती पुढे अमेरिकेची कामगारमंत्री झाली. कामाच्या जागी सुटकेचे मार्ग कसे असावेत याचे तिकडचे कायदे त्या आगीनंतर कडक झाले. माझा ठराव आणि त्या मालकाचं कुलूप यांत कारणाचा फरक काहीच नव्हता. चोरी होऊ नये, इतकाच दोघांचा हेतू.

आपल्या देशात दिल्लीच्या उपहार सिनेमाचं नाव माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. १३ जून १९९७, ‘बॉर्डर’ चित्रपटाचा खेळ. खाली पार्किंगच्या जागेत ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर बाल्कनीत शिरला. तिथली वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली आणि दारं बंद. ५९ माणसं गेली.

तर चोर बाहेर राहावा आणि माणूस आत अडकू नये, दोन्ही कसं साधायचं? याचं उत्तरही एका आगीतूनच निघालं. शिकागोच्या इरोक्वॉइस थिएटरला ३० डिसेंबर १९०३ ला दुपारच्या खेळाला आग लागली, सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यांत बायका-मुलं फार. दारं होती, पण कोणती कशी उघडायची हे गर्दीला कळलं नाही. लोखंडी सामानाच्या दुकानातला एक विक्रेता त्या खेळाला जाणार होता, काही कारणाने राहिला. त्याच्या मनातून ते जाईना. त्याने एका अभियंत्याला बरोबर घेऊन दारावरचा आडवा दांडा तयार केला. आतून अंगाने नुसता रेटा दिला की दार उघडतं, अंधारात, घाबरलेल्या माणसालाही. बाहेरून मात्र ते बंदच. याला पॅनिक बार म्हणतात. मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही पाहिला आहे, फक्त लक्ष दिलं नसेल. आपल्या संहितेचंही म्हणणं तेच आहे. सुटकेचं दार ज्या बाजूने माणसं येणार त्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, आणि ते बाहेरच्या दिशेला उघडलं पाहिजे. आत उघडणारं दार मागून रेटा आला की उघडतच नाही. आपलं मागचं दार आत उघडतं. ते फिरवून घ्यायचं आहे.

दोन ठिकाणची कोटेशनं मी आणली आहेत. दांडा, दार फिरवणं, दार उघडलं की चौकीदाराकडे वाजेल अशी घंटा, सगळं मिळून आपल्या गणपतीच्या मंडपापेक्षा कमी खर्च आहे. घंटा यासाठी की चोराची भीती माझ्याही मनातून पूर्ण गेलेली नाही. चाळीस वर्षांची सवय आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, लागू झाला डिसेंबर २००८ मध्ये. गंमत पाहा, माझा ठरावही २००८ चाच. या कायद्याप्रमाणे यंत्रणा बसवणं आणि ती चालू ठेवणं ही जबाबदारी मालकाची किंवा ताबेदाराची आहे. बिल्डरची नाही, महापालिकेची नाही. आपल्या बाबतीत म्हणजे सोसायटीची, तुमची-माझी. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, असं दोन वेळा, नमुना ‘ब’ मधलं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडे द्यायचं असतं. माझ्यासारख्या पेन्शनरांना लगेच कळेल. आपण दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला देतो ना, तसा हा इमारतीच्या हयातीचा दाखला. आपला दाखला आपण स्वतः हजर राहून देतो, पेन्शन थांबेल म्हणून. इमारतीचा कित्येक वर्षं दिला नव्हता. आताच्या कमिटीने या जानेवारीत दिला, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. सिलिंडर नवे आहेत. त्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे येता-जाता पाहायला डोळ्यांना पैसे पडत नाहीत. आणि हेही लक्षात ठेवा की तो सिलिंडर मोजून पंधरा-वीस सेकंद चालतो. तेवढ्यात विझलं नाही तर हातातलं टाकून निघायचं. आपण शूर आहोत की नाही हे ठरवायची ती वेळ नाही.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. परळला क्रिस्टल टॉवर नावाची सतरा मजली इमारत आहे. २२ ऑगस्ट २०१८ ला सकाळी तिथे आग लागली, चार जण गेले. तिथे एक दहा वर्षांची मुलगी होती. तिने शाळेत शिकलेलं मोठ्यांना सांगितलं, की कपडा ओला करा, नाका-तोंडावर धरा आणि त्यातून श्वास घ्या. घरचे, शेजारचे, सगळे घाबरलेले, आणि ती पोर सांगते आहे. पुढे तिला राष्ट्रीय बालशौर्य पुरस्कार मिळाला. मी त्या दिवशी तिथे असतो तर मला ते सुचलं नसतं. तेव्हा सांगा बरं, धूर वर असतो की खाली? ... वर. मग आपण कसं जायचं? ... वाकून. फारच झाला तर रांगत. शाब्बास. आणि लिफ्ट? ... नाही. लाइट गेली की लिफ्ट मध्येच अडकते आणि तिच्या बोगद्यातून धूर वर जात असतो. संहिता लिफ्टला बाहेर पडायचा मार्ग मानतच नाही.

मोठ्यांसाठी आणखी एकच प्रसंग समजावून सांगतो, कारण तिथेच चूक होते. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून पाहा. गरम लागलं, किंवा फटीतून धूर येतो आहे, तर उघडू नका. जिना धुराने भरला असेल तर त्यात शिरू नका. घरात परत या, दार लावून घ्या, ओला टॉवेल खालच्या फटीला लावा आणि रस्त्याकडच्या बाल्कनीत जा. १०१ ला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. बंद दार आगीला बराच वेळ थोपवतं. पण न्हाणीघरात जाऊन बसू नका. मुंबईच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री चौदा जण गेले, त्यातले बरेचसे जीव वाचवायला प्रसाधनगृहात शिरले होते. तिथे पाणी असतं म्हणून माणसाला सुरक्षित वाटतं. धुराला पाण्याची भीती नसते. आणि बाल्कनीला ज्यांनी वरपासून खालपर्यंत पेटीसारखं ग्रिल लावून घेतलं आहे त्यांनी त्याला उघडणारी झडप करून घ्या, आणि तिची किल्ली देवघरात ठेवू नका. माझ्यावरून शिका.

गॅसचं थोडक्यात. वास आला तर बटण चालू करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि १९०६ वर फोन. सिलिंडरमधला हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साठतो. दार लावून घेऊन पंखा फिरवू नका.

एक कमिटीसाठी. आपल्या गेटातून अग्निशमन दलाची गाडी आत येईल का, याचा विचार करत होतो. मोजमाप काढायची गरज नाही. गेल्या आठवड्यात पाण्याचा टँकर आला होता. गेटात कोणाच्या तरी पाहुण्यांची गाडी, बाजूला सहा स्कूटर. टँकरला आत यायला पंचवीस मिनिटं लागली, पाहुणे वरण-भात आटोपून खाली येईपर्यंत. टँकरवाला थांबला, शिव्या देत का होईना. टँकर सरळ आत आला की समजा बंबही येईल.

आणि शेवटचं काम. आपल्या इमारतीत ज्यांना स्वतःहून जिना उतरता येत नाही अशी पाच माणसं आहेत. पाचव्या मजल्यावरच्या आजी त्यात आहेत, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे आमच्या घरचंही एक माणूस आहे. प्रत्येकासाठी त्याच किंवा खालच्या मजल्यावरची दोन-दोन तरुण माणसं ठरवून द्यायची. खुर्चीत बसवून दोघांनी कसं उतरवायचं ते अग्निशमन विभागाचे लोक येऊन शिकवायला तयार आहेत. नावांची वही मी केली आहे, नाश्त्याच्या टेबलाशी ठेवली आहे. सही करूनच पोहे घ्यायचे.

ते जुनं कुलूप मी आणलं आहे, हे बघा. किल्लीसकट सचिव मॅडमना देतो. सायकलच्या स्टँडला लावा, तिथे हरकत नाही.

पोहे खाली स्टिल्टमध्ये आहेत. लिफ्ट मी बंद करायला सांगितली आहे. आता सगळे मागच्या जिन्याने उतरू. आधी मुलं आणि आया, मग बाकीचे. धावायचं नाही, कठडा धरायचा. आजींना खुर्चीतून नेऊ, चौथ्या मजल्यावरचे दोघं भाऊ पुढे या. घड्याळ माझ्याकडे आहे. सात वाजून बावीस मिनिटं. चला.

ता. क. त्या दिवशी एकूण ५८ माणसं उतरली. सगळ्यात शेवटचा मी, सात वाजून तेहतीस मिनिटांनी खाली पोहोचलो. तिसऱ्या मजल्यावरचा एक कूलर तोवर हललेला नव्हता, तिथे तीन मिनिटं गेली. तो कूलर दुसऱ्या दिवशी निघाला. आजी खुर्चीतून उतरल्या आणि दाराशी आल्यावर त्यांनी थांबायला सांगून दांड्याची जागा कुठे येणार ते विचारलं. जूनमध्ये पॅनिक बार बसला. जुलैचं प्रमाणपत्र वेळेत गेलं आहे.